बेंड पाइपचे जाम नट आणि तुटणारे स्टड

सॉकेटमधून नट बाहेर आला तेव्हा क्षणभर बरं वाटलं. मग तो तळहातावर पालथा केला, तर आत स्टडचा (इंजिनमध्ये रोवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टचा) तुकडा तसाच बसलेला आणि तुटलेल्या तोंडावर पीळ पडल्याच्या गोल गोल चकचकीत रेघा. नट सुटलाच नव्हता. स्टड मोडून त्याच्याबरोबर आला होता. काम अर्ध्या तासाचं होतं: मोटारसायकलचा बेंड पाइप, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप, उतरवायचा, गळणारं गॅस्केट (सांधा बंद करणारी कडी) बदलायचं, पाइप परत चढवायचा. ते चार दिवस चाललं आणि त्यातले साडेतीन दिवस त्या सहा मिलिमीटरच्या स्टडनं खाल्ले.

त्यानंतर त्याच गाडीचा पाइप मी आणखी तीनदा उतरवला. एकदाही स्टड तुटला नाही. फरक एवढाच, की आता पहिल्या दिवशी मी पान्याला हात लावत नाही.

नट धरतो कशानं

गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, दुपटीहून जास्तच. आट्यांमधल्या बारीक फटीत त्याला पसरायला वाव नसतो, म्हणून तो पाचर ठोकल्यासारखा नट आणि स्टड दोघांनाही दाबून धरतो. इंजिनच्या हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, जिथं पाइप लागतो तिथं हे फार लवकर घडतं. नट रोज तापतो, रोज निवतो, निवताना फटीत दमट हवा शिरते. पुढच्या चाकानं उडवलेलं पाणी आणि चिखल थेट त्याच्या तोंडावर. वरचा मुलामा आणि तेलाचा अंश तर पहिल्या काही महिन्यांतच जळून गेलेला असतो.

हेडच्या आत वेगळीच भानगड चाललेली असते. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादाचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल आली, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरट भुकटी आट्यांत ठासून बसते. बाहेरून यातलं काही दिसत नाही. स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचाच नट कोरडा चढवला असेल तर गंज नसतानाही तो जाम होतो. फिरवताना धातू धातूला चिकटतो, ओरबाडला जातो आणि एका क्षणी जागेवर वेल्ड केल्यासारखा थांबतो. अशा नटाला जोर लावणं म्हणजे त्याला आणखी घट्ट करणं.

म्हणून आधी कुठं काय धरलंय ते ओळखायला हवं. नट स्टडवर धरलाय की स्टड हेडमध्ये, यावर पुढचं सगळं ठरतं. नट आणि स्टडचं टोक यांच्यावरून रंगाची किंवा खडूची एक सरळ रेघ ओढून ठेवा. पाना फिरवल्यावर रेघ मोडली तर नट सुटतोय. रेघ सरळच राहिली आणि दोन्ही मिळून फिरतायत असं दिसलं तर स्टड हेडमधून बाहेर येतोय. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अख्खा स्टड आट्यांसकट नीट बाहेर आला तर ती खरं म्हणजे लॉटरीच. नवा स्टड बसवायचा आणि विषय संपला. फक्त त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचे तुकडे गुंडाळून आले नाहीत ना, एवढं बघा. आले असतील तर हेडचे आटे गेलेत, त्याबद्दल पुढे.

पान्याआधीची तयारी

इंजिन पूर्ण गार हवं. गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर उभी करा. साइड स्टँडवर तिरक्या गाडीला जोर लावला की पाना सटकतो आणि बोटांची सालटं निघतात.

सायलेन्सरचा मागचा माउंटिंग बोल्ट आधी ढिला करा, काढू नका. तो घट्ट असेल तर सगळा पाइप ताणाखाली असतो आणि त्या ताणात पुढचे स्टड तिरके दाबलेले राहतात. बरेच जण ही एक गोष्ट विसरतात आणि मग नट "कारण नसताना" घट्ट लागतो.

आता तारेचा ब्रश. नटाच्या बाहेर डोकावणारे स्टडचे आटे चकचकीत होईपर्यंत घासा. हे काम रटाळ आहे, पण यात अर्धी लढाई आहे. नट सुटून बाहेर येताना याच आट्यांवरून येणार असतो. तिथं गंजाची पापडी उरली तर नट अर्ध्यावर येऊन परत अडकतो, आणि बहुतेक स्टड याच जागी तुटतात. टोपीसारखा बंद नट असेल तर आटे दिसत नाहीत, तेव्हा निदान त्याच्या बुडाशी जिथं तो फ्लँजवर (पाइपच्या टोकाच्या भोकांच्या पट्टीवर) टेकतो तिथली खपली टोकदार वस्तूनं खरवडून काढा.

सॉकेट सहा कोनीच घ्या. बारा कोनी सॉकेट नटाला कोपऱ्यांपाशीच पकडतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे आधीच झिजलेले असतात. लहान गाड्यांना बहुधा एम 6 चे (6 मिमी जाडीचे) स्टड आणि 10 मिमीचा नट असतो, मोठ्या गाड्यांना एम 8 आणि 12 किंवा 13 मिमी. नट गंजून बारीक झाला असेल तर 10 च्या जागी इंची मापाचा तीन अष्टमांश (9.5 मिमी) आणि 13 च्या जागी अर्धा इंची (12.7 मिमी) सॉकेट हातोडीनं हलकेच ठोकून बसवता येतो. उघड्या तोंडाचा पाना इथं पेटीतच राहू दे.

तेल, आणि मग काहीच नाही

पेनिट्रेटिंग ऑइल म्हणजे फार पातळ, बारीक फटीत आपोआप ओढलं जाणारं तेल. घरोघरी सापडणारा डब्ल्यूडी-40 चा नेहमीचा डबा मुळात 1953 साली पाणी हटवण्यासाठी बनवलेला. नावातला 40 म्हणजे चाळीसावा प्रयत्न. काहीच नसेल तर तोही चालतो, पण गंज सोडवण्यासाठी खास बनवलेलं तेल मिळालं तर तेच घ्या. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळून घरी केलेलं मिश्रणही चांगलं काम करतं. मात्र ते दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत, दरवेळी बाटली हलवावी लागते. ॲसिटोन रंग आणि प्लास्टिक खातं, आणि ठिणगी लागली तर भडकतं.

फवारा मारू नका, थेंब सोडा. फवारा मारला की निम्मं तेल पुढच्या डिस्कवर आणि टायरवर जातं. ब्रेक पहिल्या दाबाला लागत नाही तेव्हा ते कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो. डिस्कवर आधी जुनं फडकं टाकून ठेवा. थेंब नटाच्या दोन्ही बाजूंना: बाहेरच्या आट्यांवर आणि आत फ्लँजच्या मागे, जिथं स्टड हेडमध्ये शिरतो. मग हातोडीनं नटाच्या सहाही बाजूंवर टकटक. ठोकायचं म्हणजे ठोकायचं नाही, दारावर बोटानं वाजवावं तेवढंच. त्या हादऱ्यानं गंजाच्या थराला चिरा पडतात आणि तेलाला वाट मिळते.

आणि आता थांबा. सकाळ-संध्याकाळ थेंब आणि टकटक, निदान दोन दिवस. मध्ये एकदा गाडी सुरू करून तीन-चार मिनिटं चालू ठेवा आणि बंद करा. जरा निवली, हात लावता येईल इतकी कोमट झाली, की तेल सोडा. निवत जाताना ते आत ओढलं जातं. तापलेल्या पाइपवर तेल सोडू नका, धूर तर होतोच, पेटही घेऊ शकतं. तेल टाकून दहा मिनिटांत पाना लावणाऱ्यांची घाई मला कळते, कारण मी तेच केलं होतं. दहा मिनिटांत तेल फार आत पोचत नाही.

पहिला पाव फेरा

आधी नट किंचित आवळा. होय, आवळा. अगदी थोडा, जाणवेल न जाणवेल इतका. गंजाचं बंधन मोडायचंय, ते कुठल्याही दिशेनं मोडलं तरी चालतं. मग सोडवायच्या दिशेनं जोर द्या, सावकाश, वाढवत वाढवत. झटका नको.

इथं हाताला दोन वेगवेगळ्या गोष्टी कळतात आणि त्यांतला फरक ओळखता आला तर पुढचे साडेतीन दिवस वाचतात. नट सुटणार असेल तर "कट्" असा छोटा, कोरडा आवाज होतो आणि पाना एकदम थोडासा सरकतो; त्यानंतर तो जड पण खरखरीत फिरतो, करकरतो. स्टड तुटणार असेल तर आवाज नसतो. पाना हळूच, मऊपणे फिरू लागतो, ओल्या फडक्याला पीळ द्यावा तसा, आणि हात सोडला की थोडा मागे येतो. वाटतं, सुटला! सुटला नाही. स्टड पिळला जातोय. त्या मऊपणात मी आणखी जोर दिला होता. तो मऊपणा जाणवला त्याच क्षणी थांबा, नट होता तिथं परत फिरवा, तेल सोडा आणि उद्या या. रंगाची ती रेघही इथं बघा. नट आणि स्टडचं टोक एकत्र फिरलंय पण स्टड हेडमधून तसूभरही बाहेर आलेला नाही, म्हणजे मध्येच पीळ बसतोय.

"कट्" झालं तरी उत्साहात सरळ सोडवत जाऊ नका. पाव फेरा सोडवा, अर्धा त्यातला परत आवळा, थेंब टाका, परत पाव फेरा. नट मागे-पुढे करताना आट्यांतला भुगा बाहेर पडतो. तेलाबरोबर तपकिरी लगदा येताना दिसेल. नट जड होत गेला, की मागे फिरवायचा. एका नटाला वीस मिनिटं लागली तरी ती कमीच समजा.

मोठ्या पाइपचा टेकू देऊन पान्याचा दांडा लांब करायचा मोह होतो. एम 6 ला तो करू नका. या स्टडची नेहमीची आवळणी साधारण 10 न्यूटन-मीटरच्या घरातली असते, म्हणजे छोट्या रॅचेटवर मनगटाचा जोर. तीन फुटी दांड्यानं हाताला काही कळायच्या आत तो मोडतो. एम 8 ला थोडं जास्त सहन होतं, इतकंच.

आच

तेलानं दोन-तीन दिवसांत दाद दिली नाही तर आच द्यायची वेळ येते. दुकानातला मेकॅनिक सरळ गॅसची टॉर्च पेटवतो, आणि बघताना वाटतं की लाल झालं की सुटतं. आपल्याला लाल करायचं नाहीये.

नट स्टडवर धरला असेल तर नट स्टडपेक्षा गरम व्हायला हवा, म्हणजे आच फक्त नटाला, पटकन. पोलादाचा एम 6 नट 200 अंशांनी तापला तर त्याचं भोक जेमतेम 0.014 मिमी वाढतं, केसाच्या जाडीचा साधारण पाचवा हिस्सा. ऐकायला काहीच नाही, पण गंजाचा थर तडकायला पुरतं. सावकाश तापवलं तर स्टडही तेवढाच तापतो, तोही फुगतो आणि फायदा जातो. म्हणून छोट्या, टोकदार ज्वाळेची ब्युटेन टॉर्च पंधरा-वीस सेकंद, मग पाना. सुटला नाही तर पूर्ण निवू द्या आणि पुन्हा. तापणं-निवणं हेच दोन-तीनदा झालं की बऱ्याचदा काम होतं.

स्टड हेडमध्ये धरला असेल तर उलटं. तिथं हेड तापवायचं, स्टड नाही. एका अंशाला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून हेड सगळीकडून गरम झालं की त्यातलं भोक स्टडभोवती सैल पडतं. यासाठी ज्वाळेची गरजच नाही. इंजिन दहा मिनिटं चालवा, बंद करा, जाड हातमोजे घाला आणि गरम असतानाच प्रयत्न करा. हीट गनही चालते.

ज्वाळा हेडवर का नको? ॲल्युमिनियम लाल होत नाही. लोखंड तापलं की आधी काळपट लाल होतं, डोळ्याला इशारा मिळतो. शुद्ध ॲल्युमिनियम सुमारे 660 अंशांना वितळतं, हेडचा मिश्रधातू त्याही आधी, आणि तोवर दिसायला तसंच राहतं, चंदेरी, शांत. मग एकदम खाली बसतं.

आणि मेणबत्ती. हा जुना कारागिरांचा उपाय आहे आणि मला सगळ्यांत आवडतो. नट एवढा तापवा की मेण टेकवल्याबरोबर पाणी होईल, ज्वाळा बाजूला करा, मेणबत्तीचं टोक आट्यांना लावा. मेण आत शोषलं जाताना दिसतं. तेलासारखं ते लगेच जळून जात नाही आणि आट्यांत गुळगुळीत थर देतं. मग नट गरम असतानाच पाना.

आच देण्याआधी जे करायचं ते गमतीनं घेऊ नका. पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा, पेट्रोलच्या नळीचं तोंड बंद करा. कार्ब्युरेटर असेल तर त्यातलं पेट्रोल काढून टाका. आधी टाकलेलं तेल फडक्यानं पुसून घ्या आणि हवा खेळती ठेवा. शेजारी वाळू किंवा अग्निशामक असू द्या. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी आच देऊ नका. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर तापला की त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो.

नटाचे कोपरे गेले तर

गोल झालेल्या नटावर पक्कड लावून झगडण्यात मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली. आता लावत नाही; नट कापून टाकतो. नट स्वस्त, स्टड महाग, हेड त्याहून महाग. नट स्प्लिटर मिळाला आणि जागा पुरली तर उत्तमच. नाहीतर छोट्या रोटरी कटरनं किंवा बारीक कानशीनं नटाच्या एका सपाट बाजूवर स्टडला समांतर खाच पाडायची, आट्यांच्या जेमतेम वर थांबायचं, आणि खाचेत छिन्नी ठेवून एक टोला. नट उमलतो. कानस वापरली तर वेळ लागतो पण हात सुटत नाही, आणि स्टडचे आटे वाचण्याची शक्यता जास्त. डोळ्यांवर गॉगल असू द्या; नट फुटतो तेव्हा तुकडा कुठल्या दिशेनं जाईल ते कोणी सांगत नाही.

स्टड तुटलाच तर

बाहेर तुकडा उरला असेल तर घाबरू नका. त्यावर दोन नट चढवून एकमेकांवर आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून फिरवा; स्टड फिरतो. दोन नटांएवढी लांबी नसेल तर ग्रिप प्लायर. बाहेरची लांबी अगदी कमी असेल, सात-आठ मिलिमीटर, तर वेल्डिंग करणाऱ्याकडून त्यावर नट वेल्ड करून घेणं सगळ्यांत खात्रीचं. वेल्डिंगची उष्णता स्टडमध्ये जाते, गंजाचा थर तडकतो आणि नव्या नटाला पाना लावला की स्टड लोण्यासारखा येतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा काढा, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असेल तर त्याचंही कनेक्टर.

हेडच्या पातळीला किंवा आत तुटला असेल तर मन शांत करूनच पुढे जा. एक्झॉस्टच्या भोकात फडकं कोंबा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला ठेवा म्हणजे एक्झॉस्टचा व्हाल्व्ह बंद राहील. लोखंडाचा भुगा सिलिंडरमध्ये जायला नको. तुटलेलं तोंड कानशीनं सपाट करा आणि बरोबर मध्यावर सेंटर पंच मारा. मध्य चुकला की ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे सरकतं आणि हेडचं भोक वाकडं होतं. यावर एक युक्ती: बेंड पाइपची फ्लँज दुसऱ्या, शाबूत स्टडवर चढवून जागेवर धरा आणि तिच्या रिकाम्या भोकात नेमकी बसेल अशी छोटी नळी घाला. ड्रिल त्या नळीतून गेलं की आपोआप मध्यावर राहतं. माझ्या पहिल्या स्टडला हे सुचलं असतं तर बरं झालं असतं. मी डोळ्यानं अंदाज घेतला आणि भोक अर्धा मिलिमीटर खाली सरकलं.

बारीक बिटनं सुरुवात करा, 2.5 किंवा 3 मिमी. डावीकडे फिरणारे बिट मिळतात, ड्रिल उलटं फिरवून वापरायचे. कित्येकदा ड्रिल करता करताच तुकडा त्यांना चिकटून फिरत बाहेर येतो. नाही आला तर भोक वाढवत न्या. एम 6 ला 5 मिमीपर्यंत आणि एम 8 ला 6.8 पर्यंत; तिथं पोचलात आणि मध्य चुकला नसेल, तर जुन्या स्टडच्या आट्यांची फक्त तारेसारखी गुंडाळी उरते, ती टोकदार वस्तूनं उचलून काढायची आणि टॅप (आटे पाडायचं साधन) फिरवून आटे साफ करायचे.

इझी आउटबद्दल, म्हणजे तुटलेल्या स्टडच्या भोकात उलटं फिरवून रुतवायच्या साधनाबद्दल, माझं मत वाईट आहे. ते साधन कडक पोलादाचं असतं. आधी हा स्टड नटानं मोडला, त्याहून बारीक इझी आउटनं तो सुटेल ही आशा फोल असते. आणि तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला कापत नाही. मग यंत्रशाळेशिवाय मार्ग नाही. तुकडा बोटानं हलतोय इतका सैल असेल तरच वापरा.

हेडचे आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवून आटे मूळ मापाचे करून घेता येतात. माझ्या हेडमध्ये आजही एका बाजूला तीच आहे आणि ती बाकीच्या आट्यांपेक्षा चांगली निघाली. भोक तिरकं गेलंय, किंवा इझी आउट आत तुटलाय, तर हेड उतरवून यंत्रशाळेत द्या. घरी आणखी एक प्रयत्न करून काम सोपं होत नाही.

सायलेन्सर बेंड पाइपमधून निघत नाही तेव्हा

हा सांधा वेगळ्या स्वभावाचा. इथं एक नळी दुसरीत सरकवलेली, मध्ये ग्राफाइटचं गॅस्केट, वरून क्लॅम्प. गंज, काजळी आणि जळकं गॅस्केट मिळून सिमेंट होतं. क्लॅम्प नुसता ढिला करून भागत नाही. त्याचे कान उघडून पूर्ण बाजूला करा. तेल सांध्याच्या कडेला सोडा, गाडी चालवा, निवू द्या, परत सोडा.

मग ओढू नका, पिळा. सायलेन्सर दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे वळवा, पाच अंश का होईना. एकदा वळला की बाहेर येणं ही फक्त वेळेची बाब. बाहेरच्या नळीला थोडी आच दिली तर ती आतल्या नळीपेक्षा फुगते. इथं दोन्ही पोलाद, त्यामुळे टॉर्च चालते, पण सायलेन्सरमध्ये काचतंतूचं पॅकिंग असेल तर सांध्यापुरतीच. बाहेरच्या कडेवर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी. थेट सायलेन्सरच्या अंगावर मारली तर खळगा पडतो आणि तो कायमचा.

एक्झॉस्टच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर जाम असेल तर नियम तेच, दोन गोष्टी जास्तीच्या. वायर जाण्यासाठी खाच असलेला खास सॉकेट वापरा. मोठ्या सेन्सरला 22 मिमीचा लागतो, आटे एम 18. लहान गाड्यांना बारीक सेन्सर असतो, त्याचं माप तपासून घ्या. आणि पाइप कोमट असताना सोडवा. पेनिट्रेटिंग ऑइल सेन्सरच्या टोकाला लागलं तर तो खराब होतो, म्हणून तोच परत लावणार असाल तर तेल बेतानं.

परत बसवताना

पुढच्या वेळी हे सगळं परत करायचं की नाही, ते इथं ठरतं. गंजके स्टड शाबूत असले तरी बदला. जुना नट परत चढवणं म्हणजे तीच झोंबाझोंबी दोन वर्षांनी पुन्हा. पितळेचे नट मिळाले तर तेच घ्या. पितळ गंजत नाही आणि पोलादावर धरत नाही. टोपीचा बंद नट आटे झाकतो म्हणून चांगला, पण स्टड लांब असेल तर तो टोपीच्या आत टेकतो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पाइप मात्र सैलच असतो. आधी रिकामा चढवून पाहा.

जुनं गॅस्केट खोबणीतून पूर्ण काढा. तांब्याची चपटी झालेली कडी बऱ्याचदा हेडचाच भाग वाटते. तिच्यावरच नवी बसवली तर पाइप बसत नाही आणि गळती कायम. स्टडच्या आट्यांवर तांबं किंवा निकेल असलेलं अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप), अगदी पातळ, ब्रशनं. साधं ग्रीस इथं जळून जातं आणि मागे कोळसा ठेवतं. अँटी-सीझ लावलं की आटे निसरडे होतात, तेवढ्याच आवळणीत स्टडवर ताण जास्त येतो, म्हणून मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर साधारण पाव भाग कमी धरा. सेन्सरला लावलंत तर फक्त आट्यांवर, टोकाला थेंबही नको.

क्रम असा: पुढचे दोन्ही नट बोटांनी, क्लॅम्प सैल, मागचा बोल्ट सैल. पाइप आपसूक जागेवर बसतो की नाही पाहा. ढकलून बसवावा लागत असेल तर कुठंतरी तिरका आहे. मग पुढचे नट थोडे-थोडे, आळीपाळीनं, मग क्लॅम्प, आणि मागचा बोल्ट सगळ्यांत शेवटी.

गार इंजिन सुरू करून हेडच्या सांध्याजवळ हात धरा, टेकवू नका. हवेची फुंकर किंवा "टिक टिक" असा आवाज आला तर गळती आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटाके फुटू लागले तरी संशय इथंच घ्या. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर गाडी पूर्ण गार झाल्यावर नट एकदा तपासा. नवं गॅस्केट दबतं आणि नट थोडा सैल पडतो. माझा डावीकडचा नट दरवेळी पाव फेरा घेतो, उजवीकडचा कधीच नाही. हेलिकॉइल उजवीकडे आहे.